खाणीच्या भिंतीत सिमेंट होते का?

प्रश्न : वरोऱ्याच्या जुन्या कोळसा खाणीच्या बांधकामात सिमेंट असेल का?
– एक वाचक, धानोरा (जि. नंदुरबार)

उत्तर : शक्यता फारच कमी. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली. देशात सिमेंटचे नियमित उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झाले. त्याआधी ते बोटीने येई आणि महाग पडे. वीटकाम सहसा चुना-सुरखीत होई. सुरखी म्हणजे भाजक्या विटांची पूड. ती घातली की चुना ओलीतही घट्ट होतो, आणि खाणीवर ओल तर पाचवीलाच पुजलेली. दरजांत लाल कण, चुन्याचे पांढरे खडे शोधा. व्हिनेगरवर भिस्त नको, फेस सिमेंटलाही येतो. दुरुस्तीत मात्र सिमेंटच्या दरजा भरू देऊ नका. ओल आत अडकते, विटांचे पापुद्रे सुटतात. तुमच्याकडच्या काळ्या दगडाला ते तेवढे बाधत नाही.