चॅपलचं दार ढकलून बघ

पोरी, बारावीचा निकाल लागला की घरात कॉलेजांच्या नावांचा गलका उठतो. बाबा लोकलचं वेळापत्रक काढतात, आई फीचा हिशेब मांडते, आणि तू मोबाइलवर कॅन्टीनचे फोटो बघत बसतेस, मला ठाऊक आहे. कॅन्टीनही बघावं, बाई. तीन वर्षं खायचं आहे तिथे. पण परवा मिस्सेनंतर तू म्हणालीस, ‘आत्या, मला नावापुरतं नको, खरंखुरं कॅथलिक कॉलेज हवंय.’ ऐकून जीव सुखावला. म्हणून हे लिहून देते. वाच, आणि वसईहून गाडी पकडताना पर्समध्ये ठेव.

१. पाटीवरच्या ‘सेंट’पाशी थांबू नकोस – नाव संताचं असलं तरी घर कॅथलिक असेलच असं नाही. दिल्लीचं सेंट स्टीफन्स (१८८१) अँग्लिकन मिशनऱ्यांनी काढलं. मोठ्या नावाचं कॉलेज, पण तू शोधतेयस ते हे नव्हे.

२. चालवतं कोण, ते आधी विचार – ज्यांचं घर, त्यांची रीत. मुंबईचं झेवियर्स जेज्वीटांनी १८६९ साली सुरू केलं, सोफिया सेक्रेड हार्टच्या सिस्टरांनी १९४० साली. एखादं कॉलेज थेट धर्मप्रांताचंही असतं.

३. प्रॉस्पेक्टस वाच, पण त्यावर निर्धास्त होऊ नकोस – प्रॉस्पेक्टस छापखान्यात तयार होतं, कॉलेज सोमवारी सकाळी.

४. म्हणून सोमवारी सकाळीच जा, ‘ओपन डे’ला नको – पाहुणे येणार म्हटल्यावर कुठल्याही घरातल्या चादरी बदलतात. कोणाला न सांगता चॅपलपर्यंत चालत जा आणि दार ढकलून बघ. उघडलं आणि आत एखादी मुलगी लेक्चरला जाताजाता दोन मिनिटं गुडघे टेकून बसलेली दिसली, तर दहा पानी माहितीपत्रकापेक्षा तुला जास्त कळलं. दार बंद असलं तर लगेच नाव टाकू नकोस. शिपायाला विचार, किल्ली कोणाकडे असते आणि चॅपल कधी उघडतं. तो पटकन वेळ सांगेल तर किल्ली वापरात आहे. डोकं खाजवत ऑफिसकडे बोट दाखवेल तर तुझं तू समज.

५. मिस्सा किती वाजता, आणि कन्फेशनला फादर कधी बसतात, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय परतू नकोस. ‘अपॉइंटमेंट घेतली की होतं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही – एकोणीस वर्षांचं पोर वेळ ठरवून पापं सांगायला जात नाही, समोर बसलेले फादर दिसले की वळतं. विचारायची लाज घटकाभर, न विचारल्याची हुरहूर तीन वर्षं.

६. गुड फ्रायडेला सुट्टी असते का, हे विचारू नकोस. ती सरकारच देतं. राखेच्या बुधवारी काय असतं, ते विचार – लेक्चरं चालू ठेवूनही जे कॉलेज मुलांच्या कपाळाला राख लागावी म्हणून मधे वेळ काढतं, तिथे उपवासकाळ कोणाच्या तरी ध्यानात असतो.

७. वेळापत्रकात ‘मूल्यशिक्षण’ दिसलं म्हणजे धर्मशिक्षण मिळालं, असं धरू नकोस – सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत धर्मशिक्षणाला बसायची सक्ती करता येत नाही, घटनेचं कलम २८ तसं सांगतं आणि ते योग्यच आहे. मूल्यशिक्षण सगळ्या मुलांसाठी असतं. त्यात प्रामाणिकपणा शिकवतील, ख्रिस्तशरीर संस्कार नव्हे. कॅथलिक मुलांसाठी वेगळा, स्वखुशीचा वर्ग आहे का, याची चौकशी कर.

८. ‘आयकफ’ची शाखा आहे का बघ. कॅथलिक विद्यार्थ्यांची ही संघटना १९२४ पासून आपल्या देशात आहे. मागची बैठक कधी झाली, हेही विचार – फलकावर नाव असणं सोपं, मंगळवारी चार वाजता माणसं जमणं अवघड.

९. वर्गात आपली किती, हे मोजत बसू नकोस – २०११च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती माणसंच २.३ टक्के होती, मग वर्गात कुठून भरणार? त्यापेक्षा तुझ्या शेजारी बसणाऱ्या अनघाला आणि आयेशाला तिथे किती मोकळं वाटतं, ते बघ. संत दुसरे जॉन पॉल यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी, म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, कॅथलिक विद्यापीठांसाठी एक सनद दिली. त्यात दोन्ही गोष्टी आहेत: ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी इमान आणि प्रत्येकाच्या सदसद्विवेकाचा मान. एक पाळून दुसरी सोडणाऱ्या कॉलेजला मी तरी विश्वासू म्हणणार नाही.

१०. ग्रंथालयात तासभर बस – जिथे श्रद्धा पक्की असते तिथे अभ्यासाची भीती नसते. स्पेनहून आलेल्या फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली झेवियर्समध्ये भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था काढली आणि सिंधू लिपी उलगडायला वर्षं घातली. फादर ब्लॅटर आपल्याकडच्या झाडापानांचे नमुने गोळा करत राहिले. तो संग्रह त्यांच्या नावाने आजही तिथे आहे. असा एखादा फादर, सिस्टर किंवा प्राध्यापक सध्या कॉलेजात आहे का, हे सीनियर मुलांना विचार. अवघड प्रश्न घेऊन गेल्यावर ते बसवून घेतात की वाटेला लावतात, हेही.

११. सफाईच्या मावशींना काय नावाने हाक मारतात, तिकडे कान ठेव – क्रूस भिंतीवर आहे की वागण्यात, ते तिथेच कळतं.

१२. तुझी मैत्रीण मेडिकलला जाणार आहे ना, तिलाही सांग: बेंगळुरूचं सेंट जॉन्स १९६३ साली भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने काढलं. आपली तयारी आहे का, हे तिने आधी मनाशी ठरवावं – तिथे शिकलं की खेडोपाडी सेवा द्यायची अट येते, आणि गर्भातल्या जिवाबद्दलची ख्रिस्तसभेची शिकवण तिथे बाजूला ठेवता येत नाही.

१३. बाप्तिस्म्याचा दाखला आजच मागून घे, अल्पसंख्याक कोट्यासाठी लागेल. तो राहत्या धर्मग्रामात नव्हे, जिथे बाप्तिस्मा झाला तिथे मिळतो – मूळ नोंदवही तिथेच असते. तुझा बाप्तिस्मा आजोळी झालाय, विसरली नसशील. आणि कोटा आहे म्हणून कॉलेज श्रद्धाळू, असा हिशेब मांडू नकोस.

१४. नॅकची श्रेणी जरूर बघ – श्रद्धेच्या नावाखाली ढिसाळ शिकवणं खपवून घेऊ नये.

१५. विरार लोकलचा प्रवास धरूनच मिस्सेचा विचार कर – सकाळी सातला चर्चगेटची गाडी पकडणारी मुलगी गावच्या चर्चमध्ये रोज पोचत नाही. झेवियर्स मिळालं तर मरीन लाइन्सजवळचं सोनापूरचं चर्च बघून ठेव. जवळची घंटा रोज ऐकू येते, लांबची फक्त रविवारी.

१६. होस्टेलला राहणार असशील तर रविवारी सकाळी बाहेर पडायची वेळ आणि उपवासकाळातल्या शुक्रवारचं जेवण, दोन्ही विचार – पहिल्या महिन्यातच याच दोन गोष्टींची पंचाईत होते.

१७. दादा अमेरिकेत शिकायला जायचं म्हणतो, त्याच्यासाठीही सांगते. तिकडे कॅथलिक नावाची कॉलेजं पुष्कळ, पण सगळी एका वळणाची नाहीत. कॅलिफोर्नियातल्या थॉमस अक्वायनस कॉलेजात कॅथलिक शिक्षक श्रद्धेची जाहीर कबुली आणि निष्ठेची शपथ घेतात. ओहायोतलं स्टुबेनव्हिलचं फ्रान्सिस्कन विद्यापीठही श्रद्धेला धरून असल्याबद्दल ओळखलं जातं. धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांना बिशपांची अनुज्ञा आहे का, हे त्याने पत्र टाकून सरळ विचारावं – ख्रिस्तसभेच्या कायद्याचं कलम ८१२ ती मागतं. सरकारी विद्यापीठातच गेला, तर तिथलं न्यूमन सेंटर शोधावं. संत जॉन हेन्री न्यूमन यांच्या नावाची ही केंद्रं अशाच मुलांसाठी असतात.

१८. मार्क कमी पडले आणि हवं ते कॉलेज मिळालं नाही, तर उशीत तोंड खुपसून बसू नकोस. आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना जेज्वीट व्हायचं होतं, ते जमलं नाही. मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ साली संत. दुसऱ्या कॉलेजात गेलीस तर आपल्या धर्मग्रामातला युवा गट सोडू नकोस – दिवसभर कोणी आठवण करून देणारं नसेल, तर आठवड्यातून एकदा तरी असावं.

१९. कुठेही गेलीस तरी पहिल्याच आठवड्यात तिथल्या फादरांना भेट आणि नाव-गाव सांगून ये – अडचण आल्यावर अनोळखी दारावर थाप मारायला हात उचलत नाही. सोबत एखादी मैत्रीण ने, ती कॅथलिक नसली तरी चालेल.

आता यादी कर. तीन नावं पुरेत, सतरा नकोत. शनिवारी माझ्याकडे जेवायला ये, आपण दोघी बसून एकेक फॉर्म भरू. दाखल्याचं काम मात्र त्याआधी उरकून ये. आजोळचं चर्च ऑफिस दुपारी बंद असतं.