प्लॅन वाढवून गेम सुटत नाही

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाऊसमध्ये गेमिंगचा पीसी वरच्या खोलीत आणि मोठा टीव्ही खाली हॉलमध्ये. पीसीवरचा गेम टीव्हीवर खेळायचा, म्हणजे चित्र वरून खाली आलं पाहिजे आणि कंट्रोलरची बटणं खालून वर गेली पाहिजेत. मधे एक स्लॅब, दोन भिंती आणि राउटर. भाचेकंपनी सुट्टीला आली की हे सगळं चालतं ठेवायचं काम माझ्याकडे. आता लेनमधल्या दोन-चार घरांतूनही बोलावणं येतं. त्या खटपटीतून हाती लागलेलं इथे मांडते.

१. आधी प्लॅन वाढवू नका.

"मावशी, नेट गेलं!" अशी हॉलमधून हाक येते. नेट बहुतेक वेळा जागेवरच असतं. मुळात हे चित्र घराबाहेर जातच नाही. पीसीवरून राउटरकडे आणि राउटरवरून टीव्हीकडे, एवढाच त्याचा प्रवास. चित्र पाठवणारं पीसीवरचं सनशाइन आणि ते दाखवणारं टीव्हीवरचं मूनलाइट या ॲप्सची जोडी एकदा जुळली की बाहेरची फायबर तुटलेली असतानाही ऑफलाइन गेम मजेत चालतो. त्यामुळे शंभरचा प्लॅन तीनशेचा केलात तर बिल वाढेल, गेम तिथेच अडकेल.

वेग तसा फार लागतही नाही. १०८०पी आणि सेकंदाला ६० फ्रेम यांसाठी मूनलाइट स्वतःहून २० एमबीपीएस धरतं. लागतो तो वक्तशीरपणा. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच भरून ठेवतं, म्हणून वायफायने मधे दम खाल्ला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. गेमला ती सोय नाही, कारण तुम्ही बटण दाबल्याशिवाय पुढचं चित्र तयारच होत नाही. "नेटफ्लिक्स तर मस्त चालतं की" हा युक्तिवाद इथे बाद.

२. सरासरी पाहू नका, उड्या पाहा.

पीसीवर कमांडची काळी खिडकी उघडून राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा. वायर असेल तर आकडा एक मिलिसेकंदाच्या आतच राहायला हवा. वायफायवर दोन, तीन, चार, दोन, आणि मधेच एकदम १८०. दुखणं ते १८० आहे. शेवटी छापून येणारी सरासरी सात-आठ दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. मग टीव्हीच्या पत्त्यालाही तसंच पिंग लावा. कोणत्या टप्प्यात खोट आहे हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये, नाहीतर एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या जातात आणि कशाने बरं झालं तेही कळत नाही.

३. दोन्ही टोकं हवेत नकोत.

या यादीतला एकच मुद्दा पाळायचा असेल तर हा पाळा. पीसीही वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर असेल, तर प्रत्येक फ्रेम त्याच हवेतून दोनदा जाते, आधी वरून राउटरकडे, मग राउटरकडून टीव्हीकडे. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, म्हणजे हवेतली जागा निम्मी झाली. मधे स्वस्तातला रिपीटर लावला तर आणखी कमी. पीसी तेवढा वायरने राउटरला जोडा. निम्मी घरं इथेच बरी होतात.

"वायर ओढायला भिंत कोण फोडणार?" हा पुढचा प्रश्न. नाशिकमधल्या नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच घरांत टेलिफोनसाठी भिंतीतून पाइप टाकलेला असतो आणि आत जुनी दोन तारांची वायर निरुपयोगी पडून असते. आमच्या वायरमनने तिच्याच टोकाला नवी लॅन केबल बांधली. सांधा चिकटपट्टीने निमुळता गुंडाळला, वर भांडी घासायच्या साबणाचं पाणी चोपडलं आणि वरून मी केबल सोडत गेले, खालून तो जुनी वायर ओढत गेला. एका वळणावर अडकली तेव्हा जोर लावायचा सोडून त्याने ती हातभर मागे घेतली, पिळली आणि पुन्हा ओढली. आली! जुनी वायर बाहेर, नवी आत, भिंतीला ओरखडा नाही. विजेच्या वायरीच्या पाइपमधून मात्र ही केबल कधीही नेऊ नये. ते धोक्याचं आहे.

केबल घेताना ब्लेडने एक तार खरवडून पाहा. आत पांढरट चमक दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, चार वळणांत तुटणारं. आणि कनेक्टर बसवणाऱ्याला आठही तारा बसवायला सांगा. चार तारांवर १०० एमबीपीएस चालतं, गिगाबिटला आठही लागतात. स्ट्रीमिंगला शंभरही पुरतं, आणि बऱ्याच टीव्हींचं वायरीचं सॉकेट असतंच शंभरचं. पण आठ तारांतली एक जरी ढिली असेल तर जोडणी सारखी तुटते-जुळते, आणि तो त्रास शंभरच्या वेगापेक्षा वाईट.

४. पीसी दिसतच नाही, ही वेगळी तक्रार आहे.

अडकणं आणि न दिसणं यांची औषधं वेगळी. प्रदात्याने फायबरचा नवा डबा बसवून दिला की हमखास हे होतं. विंडोजला ते अनोळखी नेटवर्क वाटतं, ते त्याला 'पब्लिक' ठरवतं आणि फायरवॉल दार लावून घेते. नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं की पीसी परत मूनलाइटच्या यादीत. दुसरं कारण म्हणजे घरात दोन राउटर: डब्याचं स्वतःचं वायफाय आणि वर हौसेने आणलेला दुसरा. टीव्ही एकाच्या पदराखाली, पीसी दुसऱ्याच्या. दोघांचे आयपी पत्ते शेजारी शेजारी लिहून तिसरा आकडा पाहा; एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असेल तर एकमेकांना ते सापडणार नाहीत. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करून टाका. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर टीव्ही जोडलेला नाही ना, आणि पीसीवर ऑफिसचं व्हीपीएन चालू नाही ना, तेही बघा.

५. २.४ आणि ५ यांची नावं वेगळी ठेवा.

नाव एकच असलं की टीव्ही खुशाल २.४ गिगाहर्ट्झला चिकटून बसतो, कारण त्याची रेंज लांबवर पोचते. पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या हॉलमध्ये फोनवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची जत्रा दिसते, त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच. ५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस. भारतात २०१८ साली त्याचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला. त्यातही ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे चॅनेल घ्यावेत. ५२ ते १४४ वर राउटरला रडारचा कानोसा घेत राहावं लागतं आणि चाहूल लागली की चॅनेल सोडावा लागतो. त्या क्षणी तुमचा खेळाडू दरीत.

६. राउटर जिन्यात.

५ गिगाहर्ट्झला सळईचा स्लॅब जड जातो, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंती तर फारच. जिन्याची पोकळी मोकळी असते. आमचा राउटर मधल्या लँडिंगवर टांगलेला आहे. दिसायला वाईट, असो.

७. चित्र छान पण बटण उशिरा, तर नेटवर्कला दोष देऊ नका.

टीव्हीचा गेम मोड चालू करा. नसेल तर टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो. मग मूनलाइटचे आकडे पडद्यावर आणून डिकोडिंगचा वेळ पाहा. तोच जास्त असेल तर टीव्हीची चिप दमते आहे, बिटरेट उतरवा. कंट्रोलर ब्लूटूथवर असेल तर टीव्हीमागची यूएसबी ३ ची डिस्क काढून पाहा. तिचा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय.

८. वीज.

इन्व्हर्टरवर जाताना राउटर क्षणभर मरतो आणि उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. आणि पीसीचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा, म्हणजे वीज परतल्यावर तो नव्या पत्त्यावर राहायला जात नाही.

९. काही गेम वरच्या खोलीतच बरे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' आम्ही सोफ्यावर बसून खेळतो, काही अडत नाही. टेकनसारख्या मारामारीत मात्र एक-दोन फ्रेमवर डाव फिरतो, आणि इतकी उधारी उत्तम वायरीवरही राहतेच. धाकट्या भाच्याला ते पटत नाही. हरला की तो राउटरकडे बघतो, आणि थोरला त्याला वर पीसीसमोर बसवून पुन्हा हरवतो.