बांध आणि वांटणी
नायगांवच्या पाणी पंचायतीपासून घ्यावयाचा धडा

अवर्षणाचें साल आलें कीं आमच्या लोकांची दानबुद्धि जागी होते, ही गोष्ट आम्हांस भूषणावहच आहे. धान्याचीं पोतीं, गुरांची वैरण, पाण्याचे टँकर यांकरितां द्रव्य गोळा होतें. पाऊस पडला म्हणजे कमिटीचें दप्तर बांधलें जातें. आणि कांहीं वर्षांनीं पुनः तींच गांवें व तींच माणसें आपल्या दारीं उभीं राहतात. असें कां व्हावें, याचा विचार या फंडाच्या आश्रयदात्यांपुढें ठेवावा, या हेतूनें आम्ही येथें एका गांवाचें उदाहरण घेत आहों.

पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्याचा पूर्वभाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. नायगांव हें त्याच भागांतलें. १९७२ सालीं महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला, आणि १९७३ च्या उन्हाळ्यांत सरकारी दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. त्यांतील पुष्कळांच्या वांट्यास खडी फोडण्याचें काम आलें. मजुरीनें त्या दिवसाची भाकर मिळाली. परंतु पुढच्या दुष्काळाशीं झुंजण्यास त्या खडीचा उपयोग नव्हता. पुण्याचे इंजिनियर व कारखानदार विलासराव साळुंखे यांस ही गोष्ट खटकली. त्यांनीं १९७४ सालीं नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर माळजमीन कराऱ्यानें घेऊन आपला प्रयोग आरंभिला.

प्रयोगाचें मर्म साध्या हिशेबानें समजतें. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारें १ लक्ष लिटर पाणी होतें. वर्षाचा पाऊस २० इंच धरला, तर ४० एकरांवर सुमारें ८ कोटि लिटर पाणी पडतें. मग माळ कोरडा कां? तर उघड्या उतारावरून तें पाणी धांवत सुटतें आणि जातांना मातीही घेऊन जातें. यास्तव उतारास आडवे समपातळींतील बांध घालावयाचे, नाल्यांत ओघ अडवावयाचा, पायथ्याशीं पाझर तलाव बांधून त्याच्या खालच्या बाजूस विहीर घ्यावयाची, आणि माथ्यावर झाडें व गवत राखावयाचें. काम माथ्याकडून पायथ्याकडे आणावें लागतें. वरचा ओघ मोकळा ठेवून खालीं तलाव बांधला, तर तो गाळानें लवकर भरतो, अथवा एखाद्या मोठ्या पावसांत फुटतो.

येथपर्यंतचें काम इंजिनियरचें झालें. यापुढील प्रश्न मात्र आम्हां वकिलांच्या कक्षेंतला आहे: अडविलेलें पाणी कोणाचें? निश्चित प्रवाहांतून न वाहणारें भूमिगत पाणी आपल्या हद्दींत गोळा करण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यानें मान्य केला आहे. याचा व्यवहारांत अर्थ असा कीं, माथ्यावर शंभर मजुरांनीं बांध घालावे, आणि ज्याची जमीन पायथ्याशीं व ज्याचा पंप मोठा, त्यानें तें पाणी उपसून उंसास द्यावें. ज्यांच्या घामानें पाणी मुरलें, त्यांच्या घरच्या बायांनीं चैत्रवैशाखांत घागरी घेऊन कोसभर चालावें. आणि यांत बेकायदेशीर असें कांहींच नसावें!

पाणी पंचायतीचें खरें महत्त्व या प्रश्नास दिलेल्या उत्तरांत आहे. १९७९ च्या सुमारास तिचे जे नियम ठरले, ते वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावे. पाण्याची योजना एकट्या मालकाची नव्हे, तर समूहाची असावी. पाण्याची वांटणी जमिनीच्या मानानें न करतां कुटुंबांतील माणसांच्या मानानें करावी: दरमाणशीं अर्धा एकर भिजेल इतकें पाणी, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं. भूमिहीनासही पाण्यांत वांटा आहे. उंसासारखें अति पाणी पिणारें पीक घ्यावयाचें नाहीं. आणि खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः उभारावयाचा.

यावर कोणी म्हणेल, दहा एकरांच्या मालकास अडीच एकरांपुरतेंच पाणी देणें हा अन्याय नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, पाऊस सातबाराचा उतारा पाहून पडत नाहीं. शिवाय एकानें विहीर खोल केली कीं शेजारी तिच्याहून खोल करतो. या चढाओढींत शेवटीं मोठ्या मालकाचीही विहीर आटते, आणि कर्ज तेवढें उरतें. वांटणीचा नियम धाकट्यास तारतो, तसाच तो थोरल्यासही बुडण्यापासून वांचवितो.

साळुंखे २००२ सालीं निवर्तले. पुढें महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यांत पाणलोट क्षेत्रवार समित्यांची तरतूद झाली. पाणी ही एकट्याच्या हद्दींतली वस्तु नव्हे, हें तत्त्व कायद्याच्या भाषेंतही उतरूं लागलें. तथापि कायद्याच्या पुस्तकांतील समिति गांवांत आपोआप उभी राहत नाहीं. ती गांवकऱ्यांच्या संमतीनेंच उभी राहते, आणि ती संमति पाणी सांठण्यापूर्वीं मिळवावी लागते. पाणी सांठल्यावर तें ज्याच्या हातीं पडतें तो सोडीत नाहीं.

म्हणून आमची विनंति आहे. भुकेल्यास आजचें अन्न व तान्हेल्यास आजचें पाणी दिलेंच पाहिजे. त्यांत कसर करूं नये. परंतु प्रत्येक दात्यानें आपल्या देणगीचा कांहीं भाग माती व पाणी अडविण्याच्या कामाकडे लावावा, आणि त्यास एक अट जोडावी: ज्या गांवानें भर ग्रामसभेंत, भूमिहीनांस समोर बसवून, पाण्याच्या वांटणीचा लेखी ठराव केला असेल, त्याच गांवाच्या बांधास हा पैसा मिळावा. दात्यास अशी अट घालण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो त्यानें बजावला, तर त्याच्या रुपयानें बांधलेल्या तलावाचें पाणी ज्याच्या शेतास विहीर नाहीं त्याच्याही घरापर्यंत पोहोंचेल.