माळढोक आणि दुर्बीण

राजस्थानात जैसलमेरकडे थरचे वाळवंट आहे. तिथे माळढोक नावाचा मोठा पक्षी राहतो. आपल्याकडेही सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आता हे पक्षी फार थोडे उरले आहेत. जे आहेत, ते बहुतेक राजस्थानात.

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माणूस जवळ गेला, की ती उठून जाते. मग अंडे उन्हात पडते. कावळा, कोल्हा ते खाऊन टाकतो. म्हणून हा पक्षी लांबूनच बघावा. त्यासाठी दुर्बीण हवी.

दुर्बीण कोणती घ्यावी? तिच्यावर ८ × ४२ असे आकडे असतात. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो. ४२ म्हणजे पुढची काच ४२ मिलिमीटर रुंद. बारापटीची घ्यावी, असे कुणालाही वाटेल. पण हात जरा हलला, की तिच्यात पक्षी फार हलतो. वाळूत पायी फिरणाऱ्याला आठपटीची पुरे. ती हलकी असावी. तिच्यात धूळ शिरू नये.

दुपारी तापलेली हवा थरथरते. पक्षी नीट दिसत नाही. म्हणून सकाळी लवकर निघावे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, डोळे जातात.

आम्ही म्हणतो ते एवढेच : डोळ्यांनी जवळ जा, पायांनी लांब राहा.