फुगवायचा बोर्ड घेण्याआधी

बजाजनगर, वाळूज
छत्रपती संभाजीनगर

चि. श्रुती,

पहिल्या पगारातून उभं राहून वल्हवायचा, हवा भरायचा पॅडलबोर्ड घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं दादा म्हणाला. त्याला ते खूळ वाटतं, मला वाटत नाही. स्वतःच्या कमाईची हौस आहे, कर. पण तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले आणि लक्षात आलं, की तू निवड केलीस ती फक्त किमतीवरून. रबराचे जोड तपासण्यात माझी नोकरी चालली आहे, म्हणून चार शब्द लिहिते.

या बोर्डाचं बळ पोटातल्या धाग्यांत असतं. वरचं आणि खालचं कापड हजारो बारीक उभ्या धाग्यांनी एकमेकांना जोडलेलं असतं. म्हणून कितीही हवा भरली तरी तो गोल होत नाही, सपाट आणि कडक राहतो. आपल्या वाळूजला ज्या गुडइयरचा टायर कारखाना आहे, त्याच कंपनीने 1956 मध्ये अमेरिकेत अशाच कापडाचं फुगवायचं विमान केलं होतं, आणि ते उडालंही होतं. तेव्हा हवेवर माणूस उभा कसा राहील, ही दादाची शंका तू मनावर घेऊ नकोस.

आता मापं. जाडी 6 इंच हवी. 4 इंची बोर्ड स्वस्त पडतो, पण मोठं माणूस उभं राहिलं की मधोमध वाकतो. रुंदी 32 ते 34 इंच, लांबी साडेदहा फुटांच्या आसपास. अरुंद बोर्ड वेगाने जातो, पण तुला आधी उभं राहायला शिकायचंय. ‘इतके किलो पेलतो’ या आकड्यावर फार विसंबू नकोस. 300 लिटर हवेचा बोर्ड पुरता बुडवायला 300 किलोंच्या आसपास वजन लागेल, पण तरंगणं वेगळं आणि न डगमगता उभं राहणं वेगळं. तुझं वजन आणि सामान मिळून त्या आकड्याच्या बरंच खाली राहिलं पाहिजे.

हवा 12 ते 15 पीएसआय भरायची, म्हणजे मोटारीच्या टायरच्या साधारण निम्मी. हातपंपाने भरताना बराच वेळ दाबाचा काटा हलतच नाही. पंप बिघडलाय असं समजून तो परत पाठवू नकोस. पुढे सात-आठवर काटा आला की दम लागतो, माणूस तिथेच थांबतो आणि मग बोर्ड लेचापेचा म्हणून दुकानदाराला शिव्या देतो.

बोर्ड घरी आला की पाण्यावर नेण्याची घाई करू नकोस. पूर्ण दाबाने फुगव, कडेच्या जोडावर आणि व्हॉल्वभोवती साबणाचं पाणी लाव. कुठे बुडबुडे येतात का ते नीट बघ. मग एक दिवस-रात्र सावलीत ठेव आणि काटा पुन्हा लावून बघ. थंडाव्याने दाब थोडा उतरतो, ते चालेल. पण बोर्ड मऊ पडला असेल, तर परत करायची मुदत संपायच्या आत परत कर. आणि आपल्याकडच्या उन्हात फुगवलेला बोर्ड उघड्यावर ठेवायचा नाही. आतली हवा 25 अंशांनी तापली तरी दाब दोन-अडीच पीएसआयने चढतो आणि त्याचा ताण जोडांवर येतो.

पैसे वाचवायचे तर पिशवीत वाचव, मोबाइलच्या पाऊचमध्ये वाचव, वल्हं अॅल्युमिनियमचं घे. फक्त ते लांबी कमी-जास्त करता येणारं हवं, तुझ्या उंचीपेक्षा वीतभर मोठं. जोड तपासून वापरलेला बोर्ड घेतलास तरी हरकत नाही. लाइफ जॅकेट आणि पायाला बांधायचा दोर यांत मात्र काटकसर नको. पाण्यात पडलीस आणि वारा असला, तर सुटलेला बोर्ड तुझ्या पोहण्यापेक्षा वेगाने दूर जातो.

दिवाळीत इकडे येऊन पैठणच्या धरणाच्या पाण्यात, नाथसागरात उतरायचं म्हणतेस. ते पाणी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. परवानगीशिवाय तिथे बोर्ड घालायचा नाही, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात तेव्हा तर नाहीच. शिवाय धरणाखाली शंभरावर गावं गेली आहेत. पाणी उतरलं की उथळ भागात खोडं आणि पडक्या भिंती वर येतात. तळाच्या फिनला तसलं काही अडकलं की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. मासेमारीची जाळी असतात ती वेगळीच. धरणाच्या दरवाजांखाली, गोदावरीच्या पात्रात तर चुकूनही जायचं नाही. आपली खाम नदी सांडपाण्याची, तिचा विषयच नको.

मामाच्या शेततळ्यात सराव करण्याची कल्पनाही सोडून दे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. पट्टीचे पोहणारेसुद्धा काठाला हात लागूनही वर येऊ शकलेले नाहीत. आणि तुझ्या फिनने अस्तर फाटलं, तर मामाचं वर्षभराचं पाणी जाईल.

तेव्हा माझं ऐक. पगार बँकेत राहू दे. सुट्टीत तारकर्लीला किंवा गोव्याला जा, खाडीच्या संथ पाण्यात, शिकवणारा सोबत असताना, भाड्याच्या बोर्डावर एक-दोन सकाळी उभी राहून बघ. वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि वाऱ्यासोबत परतायचं, तोल गेला की गुडघ्यांवर बसायचं, एवढं तिथे अंगवळणी पडेल. त्यानंतरही हौस टिकली, आणि तुझ्या पुण्याजवळ परवानगीचं पाणी मिळालं, तर बोर्ड जरूर घे. दादाला मी समजावते. कमी पडतील ते पैसे माझ्याकडून घे, पण त्यांतून पहिलं जॅकेट घ्यायचं.

तुझी
आत्या