असिंटच्या डोंगरांत भूशास्त्राच्या अभ्यासासाठी निघालेल्या भाचीस



पत्रास कारण, स्कॉटलंडच्या वायव्य हायलँड्समधील असिंट भागात ठरलेला क्षेत्राभ्यास. महाराष्ट्रात भूशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्याला एक सवय जडलेली असते. सह्याद्रीच्या कड्यांत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले दिसतात, आणि तळचा थर आधीचा व माथ्यावरचा नंतरचा, हा नियम तेथे इतक्या सहज पटतो की त्यालाही पुरावा लागतो याचा विसर पडतो. असिंटमध्ये नेमका हाच नियम तपासून घ्यावा लागतो. म्हणून तेथील खडकांची नावे पाठ करण्यापेक्षा त्या खडकांवरून झालेला वाद आधी समजून घ्यावा.

तळाशी आहे लुइसियन नीस, म्हणजे प्रचंड उष्णता व दाब सोसून पट्टेदार झालेला, काही ठिकाणी ३०० कोटी वर्षांपर्यंत जुना असलेला खडक. त्याच्या झिजलेल्या, उंचसखल पृष्ठभागावर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेली वाळू साचून तांबूस टॉरिडोनियन वालुकाश्म तयार झाला, ज्यातून सुइल्व्हन व क्विनाग हे डोंगर कोरले गेले आहेत. दोन खडकांमधील अशा झिजेच्या सीमेला, जिच्यात कोट्यवधी वर्षांची नोंद गहाळ झालेली असते, विसंगती म्हणतात. क्विनागवर एकाऐवजी दोन विसंगती आहेत, कारण वालुकाश्मावर पुन्हा कँब्रियन काळातील समुद्राने पांढरा क्वॉर्टझाइट पसरला. येथे घाईने पुढे जाऊ नये. वालुकाश्माचे थर आडवे आणि त्यावरचा क्वॉर्टझाइट मात्र पूर्वेकडे कललेला, हे दृश्य प्रथम बुचकळ्यात टाकते. पण समुद्र येण्यापूर्वी वालुकाश्म पश्चिमेकडे कलला होता, त्याची माथी झिजून सपाट झाली, त्यावर क्वॉर्टझाइट आडवा साचला आणि पुढे सारा प्रदेश पूर्वेकडे कलल्याने वालुकाश्म पुन्हा आडवा झाला, असा क्रम मांडला की कोडे सुटते. थराच्या या कलाला नती म्हणतात, आणि ती नजरेच्या अंदाजाने न लिहिता नतिमापकानेच मोजावी.

खरी परीक्षा अलापूलच्या उत्तरेस असलेल्या नॉकन कड्यावर होते. तेथे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन चुनखडकावर मोइन शिस्ट, म्हणजे पातळ पापुद्र्यांत फुटणारा रूपांतरित खडक, बसलेला आहे. ब्रिटिश भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे प्रमुख रॉडरिक मर्चिसन यांनी वरचा तो नंतरचा, हा नियम लावून शिस्ट चुनखडकापेक्षा तरुण ठरवला. अ‍ॅबर्डीनचे प्राध्यापक जेम्स निकोल यांनी ही सीमा विभंगाची, म्हणजे खडक तुटून सरकल्याची, असल्याचे म्हटले, परंतु मर्चिसन यांच्या अधिकारापुढे त्यांचे कोणी ऐकले नाही. १८८२-८३ मध्ये चार्ल्स लॅपवर्थ यांनी एरिबोलच्या परिसरात थर पावलापावलाने नकाशावर उतरवले, आणि सर्वेक्षणाचे नवे प्रमुख आर्किबाल्ड गिकी यांनी मर्चिसनमताचीच पुष्टी होईल अशा अपेक्षेने धाडलेल्या बेन पीच व जॉन हॉर्न यांचे नकाशेही त्या मताच्या उलट निघाले. गिकी यांनी १८८४ मध्ये जुने मत जाहीरपणे सोडले, हे त्यांचे मोठेपण. शिस्ट जुना आहे. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी तो अगदी मंद कलाच्या विभंगावरून, म्हणजे थ्रस्टवरून, पश्चिमेकडे ढकलला जाऊन तरुण खडकांवर चढला. पीच व हॉर्न यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेला ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात तो वाचावा, पण कडा पाहून आल्यावर.

टिपणवहीची दोन पाने समोरासमोर वापरावीत: डाव्या पानावर जे दिसले तेवढेच, उजव्या पानावर त्याचा लावलेला अर्थ. लॉक असिंट सरोवराच्या काठी स्कियाग पुलाजवळ ‘पाइप रॉक’ हा क्वॉर्टझाइट भेटतो, ज्याच्या उभ्या छेदात बोटाएवढ्या जाडीच्या फिकट नळ्या व माथ्यावर तेवढेच गोल ठिपके दिसतात. डाव्या पानावर एवढेच यावे. ही किनाऱ्याच्या वाळूत राहणाऱ्या प्राण्यांची बिळे आहेत, हे वाक्य उजव्या पानाचे. चुनखडकाची ओळख पटवण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात, परंतु तेथील बराच चुनखडक मॅग्नेशियमयुक्त, म्हणजे डोलोमाइटी, असल्याने थेंब जवळजवळ फसफसतच नाही. अशा वेळी चाकूने खरवडून निघालेल्या भुकटीवर थेंब टाकावा, आणि तरीही बुडबुडे मंद आले तर ‘मंद’ असेच लिहावे.

नॉकनच्या संरक्षित कड्यावर हातोडा मुळीच चालवू नये. घरी नेलेल्या तुकड्याला जागाही नसते आणि नतीही. उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो म्हणून दम संपेपर्यंत चालणे हा उत्साह नसून अविचार होय, कारण धुके उतरल्यावर दलदल व कडा यांतील फरक कळत नाही. पाऊस कोकणाएवढा नसला तरी गार असतो. मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचा त्रास लाजिरवाणा वाटावा इतका होतो, आणि गवतातील गोचिडींमुळे लाइम रोगाचा धोका असल्याने रोज संध्याकाळी पाय तपासावेत.

कड्याजवळचे माहितीफलक सीमारेषा दाखवून देतात, म्हणून पहिल्या फेरीत ते न वाचता स्वतःची रेषा नकाशावर काढावी, आणि ती फलकाशी जुळली नाही तर खोडण्यापूर्वी पुन्हा वर चढून पाहावे. परतल्यावर त्या नकाशाची प्रत, चुकलेल्या रेषांसकट, इकडे पाठवावी.