संगणकावरील प्रपत्र : भरणे आणि जतन करणे

उद्देश : शिक्षकास संगणकावरील प्रपत्र मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने भरता यावे, भरलेला मजकूर जतन करता यावा आणि तो जतन झाल्याची खात्री स्वतः करून घेता यावी.

पूर्वज्ञान : पाटीवरील अक्षर आणि दाखल-खारीज नोंदवहीतील अक्षर यांतील भेद प्रत्येक शिक्षक जाणतो. पाटीवरील अक्षर कितीही वळणदार असले तरी हात फिरताच पुसले जाते. नोंदवहीतील अक्षर पन्नास वर्षांनीही मुलाच्या जन्मतारखेची साक्ष देते. संगणकाच्या पडद्यावर भरलेले प्रपत्र जतन होईपर्यंत पाटीवरील अक्षरच होय. प्रस्तुत पाठाचे सार एवढेच आहे.

विषयप्रवेश : शाळेकडून मागविली जाणारी माहिती दोन प्रकारे भरावी लागते. यू-डायस प्लससारख्या संकेतस्थळावर ती तेथेच नोंदविली जाते. दुसरा प्रकार पीडीएफ फाईलच्या रूपाने येणाऱ्या प्रपत्राचा. ते उघडावयाचे, भरावयाचे आणि परत पाठवावयाचे असते. या दुसऱ्या प्रकारात एक फसगत संभवते. शिक्षक सर्व चौकटी भरतो, फाईल पाठवितो आणि कार्यालयात मात्र कोरे प्रपत्र उघडते. मारेगाव तालुक्यातील एखाद्या पोडावरील मुलाचा अर्ज असा कोरा गेला आणि मुदत टळली, तर हानी त्या मुलाची होते. त्याचा तर यात काहीच दोष नसतो.

कारणमीमांसा : पीडीएफ हा प्रकार ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रचारात आणला व २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक ठरला. मात्र त्या कंपनीच्या विनामूल्य वाचकप्रणालीत अनेक वर्षे बहुतेक प्रपत्रे भरून छापता येत, पण भरलेली प्रत जतन होत नसे. त्यासाठी प्रपत्र तयार करणाऱ्याने तशी सोय आधीच करून ठेवावी लागे. २०१२ च्या अकराव्या आवृत्तीत हे बंधन सैल झाले. मानक सर्वांस खुले असल्यामुळे हेच काम आता मुक्त सॉफ्टवेअरनेही होते. येथे मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. ते हव्या त्या कामी वापरणे, त्याची रचना अभ्यासणे, त्यात बदल करणे आणि त्याच्या प्रती वाटणे, या चार मोकळीकी त्यात असतात. म्हणून एका शाळेने पेनड्राइव्हवरून शेजारच्या शाळेस ते दिले तरी कायद्याचा भंग होत नाही.

कृती : फायरफॉक्स व ओक्युलर ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतात.

१. आलेल्या कोऱ्या फाईलची एक प्रत बाजूला ठेवावी. चूक झाल्यास तीच उपयोगी पडते.

२. फाईल ईमेलच्या खिडकीतच न भरता प्रथम संगणकात उतरवून घ्यावी आणि मग वरीलपैकी एका सॉफ्टवेअरमध्ये उघडावी.

३. ओक्युलरमध्ये चौकटी दिसत नसल्यास 'व्ह्यू' या यादीतून 'शो फॉर्म्स' निवडावे.

४. प्रपत्रात भरण्याच्या चौकटीच नसतील, म्हणजे ते केवळ छापील पानाचे चित्र असेल, तर फायरफॉक्समधील मजकूर लिहिण्याचे साधन वापरावे. ही सोय २०२२ पासून त्यात आहे.

५. भरलेली फाईल नव्या नावाने जतन करावी. नावात शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, प्रपत्राचे नाव व दिनांक असावा.

६. फाईल बंद करावी व पुन्हा उघडावी. शक्य तर निराळ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा सहकाऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावी. तेथे मजकूर दिसला, तरच प्रपत्र भरले असे मानावे.

मराठी अक्षरांविषयी : मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मराठी दुसऱ्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसते. युनिकोड वापरूनही चौकटीत रिकामे चौकोन उमटल्यास दोष टंकणाऱ्याचा नसून प्रपत्रात देवनागरी फॉन्ट नसण्याचा असतो. अशा वेळी प्रपत्र पाठविणाऱ्यास तसे कळवावे. केंद्रास स्वतःचे प्रपत्र करावयाचे असल्यास लिबरऑफिस रायटरमध्ये चौकटी आखून, पीडीएफ करताना 'क्रिएट पीडीएफ फॉर्म' हा पर्याय निवडावा.

दक्षता : पीडीएफ भरून देणारी अनेक संकेतस्थळे फाईल आपल्याकडे मागवून घेतात. मुलांचे आधार क्रमांक व बँक खात्यांचे तपशील अशा परक्या हाती देऊ नयेत. उपरोक्त सॉफ्टवेअरमध्ये फाईल शाळेच्याच संगणकात राहते. काम बाहेरच्या दुकानातील संगणकावर केले असल्यास निघण्यापूर्वी तेथील प्रत काढून टाकावी व कचरापेटीही रिकामी करावी.

स्वाध्याय : पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने एक नमुना प्रपत्र काल्पनिक माहितीने भरावे, जतन करावे आणि शेजारच्या शिक्षकास द्यावे. शेजाऱ्याने ते आपल्या यंत्रावर उघडून मोठ्याने वाचावे. जेथे वाचता येणार नाही, तेथे कोणती पायरी सुटली ते दोघांनी मिळून शोधावे. मुलाची पाटी तपासल्यावाचून शिक्षक पुढे जात नाही. स्वतःची फाईलही त्याने तशीच तपासावी.